आधी धाकट्यांनी बोलायचं

जेवणं झाली, विडे झाले, कराडला जास्त उकडतं की मिरजेला यावरही बोलून झालं, आणि मग कुणालाच काही सुचेना. यशवंत माळवदे सतरंजीवरच्या पट्ट्या न्याहाळत होते. त्यांच्या आई, माई, नीट असलेला पदर पुन्हा नीट करत होत्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि आत आत्या उगीचच भांडी वाजवत होती. मुलगी पसंत आहे की नाही हे मुलाकडच्यांनी सांगायचं होतं, आणि ते काही सांगत नव्हते.

असं अवघडलेपण आलं की आमच्या अण्णांना एकच गोष्ट सुचायची.

"सिनेमाला जायचं काय?" ते म्हणाले.

आत्या ओल्या हातानेच बाहेर आली. "आता? एवढ्या उन्हाचं?"

"थेटरात पंखे आहेत की. आणि यांची गाडी रात्रीची आहे. तोवर काय भिंती बघत बसायचं?"

"कुठला लागलाय?" यशवंतांनी विचारलं. आल्यापासून त्यांनी आपण होऊन विचारलेलं ते पहिलंच.

"'शंभर फुगे'. विनोदी आहे. सगळं गाव पोट धरून हसायलंय म्हणतात."

आत्याने अण्णांकडे डोळे मोठे करून पाहिलं. मग डोळ्यांनी दाराकडे खूण केली, मग कपाळाला आठी घातली. अण्णा शिंपी होते. सुईच्या नेढ्यात एका झटक्यात दोरा घालायचे, पण बहिणीच्या डोळ्यांतलं त्यांना जन्मात कधी वाचता आलं नाही. "तुझं डोकं दुखायलंय काय?" त्यांनी विचारलं आणि टोपी घातली.

चपला घालताना आत्याने माझा दंड धरला. "नले, घोटाळा झाला. रघूला मी त्याच खेळाला बसवलंय."

रघुनाथ माझा थोरला भाऊ. लहानपणी एका तापात सापडला, बरा झाला, पण मनाने तिथंच राहिला. अंग वाढलं, मिशा आल्या, आवाज फुटला, तरी आतला रघूदादा पाटीवर सूर्य काढायच्या वयाचाच. दुकानात बटणं रंगांप्रमाणे निवडून द्यायचा, शेजारणींचं पाणी भरून द्यायचा आणि सिनेमा म्हटलं की जीव टाकायचा. आई गेल्यापासून तो माझ्याच मागेमागे असायचा. त्याच्यामुळे माझी दोन स्थळं मोडली होती. एकांनी तोंडावर सांगितलं, की घरात असं माणूस म्हणजे पुढच्या मुलाबाळांची काळजी वाटते. दुसऱ्यांनी पत्रिकेवर ढकललं.

म्हणून या खेपेला आत्याने डोकं चालवलं होतं. मुलगी बघण्याचा पहिला कार्यक्रम तिने सांगलीला आपल्या घरी उरकला. आज पाहुणे घर बघायला येणार म्हटल्यावर सकाळीच रघूदादाला भडंगाची पुडी दिली, थेटराशेजारच्या शहानूरच्या सोड्याच्या गाडीवर बसवलं आणि दुपारच्या खेळाचं तिकीट हातात ठेवलं. अण्णांना म्हणाली, "रघूला मी लावून दिलंय." कुठे, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दोघं बहीणभाऊ असेच, अर्धं बोलून पूर्ण समजायचे, आणि दोघांचं समजणं वेगवेगळं निघायचं.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं, की रघूदादाला लपवून लग्न करायचं नाही. पाहुणे निघायच्या आत सांगून टाकायचं आणि नाही म्हणाले तर नाही. ठरवणं सोपं असतं. यशवंत सकाळी दारात आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या कफला निळा रंग लागलेला होता, आणि तो लपवायला त्यांनी हात मागे धरले होते. ते शाळेत चित्रकला शिकवत. तो निळा डाग मी पाहिला आणि माझं सोपं सगळं अवघड होऊन बसलं.

रस्त्याने आत्याची बेबी माईंचं बोट धरून चालली होती. दहा वर्षांची पोर, तोंडाची टकळी चालूच.

"सिनेमा बघून आल्यावर आमच्यात मत द्यावं लागतंय," ती माईंना सांगत होती.

"मत? निवडणुकीचं?"

"तसलं नाही. सिनेमा कसा वाटला ते. सगळ्यांनी गोल बसायचं. आधी धाकट्यांनी बोलायचं, मग मोठ्यांनी. मामा शेवटी."

"असं का गं?"

उत्तर अण्णांनी दिलं. "मी एकदा चांगला म्हणालो की सगळे माना डोलवायचे. मग मजा काय? म्हणून उलटं चालू केलं. आमच्यात उष्टं मत चालत नाही."

माई हसल्या. "मग पहिली तू का गं?"

"नाही. पहिला रघू..."

"राघू!" आत्या घाईने म्हणाली. "पोपट होता आमच्यात. शिकवलेलं बोलायचा. त्यालाच आम्ही पहिल्यांदा..." पुढचं काही सुचेना तेव्हा तिने बेबीला चिमटा काढला.

माझा थोरला भाऊ भर रस्त्यात पोपट झाला आणि मी खाली बघून चालत राहिले. थेटर येईपर्यंत ते मला बोचत होतं.

अण्णांनी बाल्कनीची तिकिटं काढली. माझ्या एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला, मध्ये माईंना न घालता, यशवंत. हे कसं झालं कोण जाणे. बहुधा बेबीचं काम.

सिनेमाचा नायक दामू. चाळिशीचा गडी, डोक्याने पोरगेला. तो फुगे विकायला बाहेर पडतो, पण फुगा गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्याला वाईट वाटतं, म्हणून एकही विकला जात नाही. पहिल्या पाच मिनिटांतच मी आक्रसून बसले. अण्णांचीही सुपारी चघळायची थांबली. सगळं गाव ज्याला हसत होतं तो हा होता तर.

खाली पिटातून एक हसणं आलं. ते मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

गंमत अशी, की ते बाकीच्यांच्या आधी यायचं. दामू नुसता उठून चालायला लागला, की रघूदादा खदखदून हसायचा. मग दामू चिखलात घसरायचा आणि मग सगळं थेटर हसायचं.

"खाली कुणीतरी आहे," यशवंत हळूच म्हणाले. "आधीच हसतोय."

"बघितलेला असेल त्याने," आत्या म्हणाली. "असतात रिकामटेकडे."

मग दामू मोठ्या साहेबाच्या सत्काराला जातो. हाराऐवजी तो साहेबाच्या कोटाच्या बटणाला फुगा बांधतो आणि साहेबाला ते कळत नाही. साहेब भाषण करतोय आणि डोक्यावर पिवळा फुगा डुलतोय. इथे माईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू, तो प्रसंग फार छान होता.

मध्यंतराचे दिवे लागले आणि पिटात रघूदादा उभा राहिला. पडद्याकडे पाठ करून वर बघायची त्याची सवयच होती, कोण कोण आलंय ते बघायला. मी खुर्चीत खाली सरकेपर्यंत त्याला मी दिसले होते.

"नले! ए नले! पुढं लई मज्जा आहे! लग्न आहे, लग्न! आणि ते सगळे फुगे..."

"गप ए, सांगू नको," कुणीतरी ओरडलं.

"ह्यो बघ," दुसरा म्हणाला, "दामू पडद्यातनं खाली उतरलाय." सगळा पिट हसला. बाल्कनीतलेही वाकून बघून हसले. रघूदादाही हसला, कारण सगळे हसत होते. आणि दोन्ही हात वर करून मला हलवून दाखवत राहिला.

आत्याने माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवला आणि उभी राहिले.

"दादा, बघितलं मी," मी वरून म्हणाले. "बस आता, चालू होईल." मग माईंकडे वळले. "माई, तो माझा थोरला भाऊ आहे. नाव रघुनाथ. पोपट नव्हे."

माईंनी वाकून खाली पाहिलं. अण्णा टोपी काढून तिच्यात बघत बसले. यशवंत उठले, चपला शोधल्या आणि दाराचा पडदा बाजूला करून बाहेर गेले.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. शेजारची खुर्ची रिकामीच.

"गेला," आत्या माझ्या कानाशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती रडवेली झाली होती. "थोडं थांबली असतीस तर काय झालं असतं?"

मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर हलकंही वाटत होतं. पडद्यावर कुणाचं तरी लग्न चाललं होतं, वाजंत्री वाजत होती, दामू फुगे घेऊन मांडवाच्या दारात उभा होता. लोक हसत होते. खालून रघूदादाचं हसणं येत होतं, आणि आता त्याच्या जोडीला आणखी एक हसणं येत होतं, त्याच्याबरोबरच, सगळ्यांच्या आधी. पिटात तशी माणसं असतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

खेळ सुटला. आम्ही कुणी कुणाकडे न बघता जिना उतरलो. एकट्या माई आता परत कराडला कशा जाणार, त्यांना गाडीत कोण बसवून देणार, असले विचार आत्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. बाहेर आलो तर शहानूरच्या गाडीपाशी रघूदादा आणि यशवंत सोडा पीत उभे. रघूदादा त्यांना बाटलीतली गोटी कशी आत ढकलायची ते शिकवत होता, आणि यशवंतांच्या शर्टावर पुढून सगळा सोडा सांडलेला होता.

"नले, हे मास्तर आहेत," रघूदादा म्हणाला. "चित्रं काढतात. माझ्याजवळ बसले होते."

"वर पंख्याचा आवाज फार येत होता," यशवंत आत्याला म्हणाले. "खाली बरं वाटलं."

माईंनी रघूदादाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत्याकडे वळून शांतपणे विचारलं, "हाच काय तुमचा पोपट?"

आत्याचे कान लाल झाले. ती बेबीला पुढे घालून घराकडे चालायला लागली.

घरी आल्यावर दुकानामागच्या खोलीत सतरंजी पुन्हा अंथरली गेली. मी चहा केला. परातभर भडंग मध्ये ठेवलं. माईंचं काय चाललंय ते कळत नव्हतं. मुलगा भला निघाला होता, पण स्थळाचा होकार आईकडून यायचा, आणि ती आई थेटरापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. आता मत वगैरे नको, असं आत्या डोळ्यांनी पुन्हा सांगायला लागली, पण बेबीने आधीच सगळ्यांना गोल बसवलं होतं.

रघूदादा सवयीप्रमाणे उभा राहिला. पहिलं मत नेहमी त्याचंच. बेबीच्याही आधी. ते ठरलेलं होतं, "झ्याक आहे. परत जाऊया," एवढंच. मग आम्ही सगळे हसायचो आणि त्यानंतर खरी मतं सुरू व्हायची.

"एक विचारू?" यशवंत म्हणाले. "नियम कसा आहे? आधी धाकट्यांनी बोलायचं ना?"

"होय की," अण्णा म्हणाले.

"रघुनाथराव माझ्यापेक्षा मोठे दिसतात."

"मोठाच आहे. पण तो..." अण्णा तिथेच अडखळले.

"मग त्यांची पाळी माझ्यानंतर येते. बसा रघुनाथराव. आधी आम्ही."

आमच्या घरात इतकी वर्षं हा नियम चालला होता, आणि तो अण्णांनी केला होता, मापात जराही चूक न करणाऱ्या माणसाने. त्यांनी रघूदादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. रघूदादा खाली बसला. आपल्याला थांबायला सांगितलंय म्हणजे काहीतरी मोठं काम आहे असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने हात गुडघ्यावर ठेवून पाठ ताठ केली.

बेबीला साहेब आवडला होता, फुगे सोडून दिले ते आवडलं नव्हतं. मग माझी पाळी आली.

"मध्यंतरापर्यंतचा चांगला आहे," मी म्हणाले. "पुढचा मला दिसलाच नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, तीच दिसत होती."

अण्णांना ठसका लागला. यशवंत भडंगातले शेंगदाणे निवडायला लागले.

"मला पहिल्यांदा राग आला होता," ते खाली बघतच म्हणाले. "तो माणूस पडला की हसायचं, फसला की हसायचं. हे काय, असं वाटलं. मग खाली जाऊन बसलो. तिथं कळलं, की रघुनाथराव तो पडल्यावर हसतच नाहीत. पडला की ते गप्प होतात. तो नवीन काहीतरी करायला निघाला, की त्यांना आनंद होतो, तेव्हा ते हसतात. म्हणून वर आपल्याला वाटत होतं, की ते आधी हसतात. मग मी पण तसाच बघितला. सिनेमा चांगला आहे. आपण चुकीच्या जागी हसत होतो."

मी त्या हसण्याबरोबर लहानाची मोठी झाले होते आणि हे मला कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी चहाच्या कपात बघत बसले.

"आता तुम्ही," यशवंत रघूदादाला म्हणाले.

रघूदादा उभा राहिला. आम्ही 'झ्याक' ऐकायच्या तयारीत. पण आज ते आलं नाही. पाळी उशिरा आली होती, त्यामुळे त्याला विचार करायला वेळ मिळाला होता.

"दामूला कुणी जेवायला वाढलंच नाही की," तो म्हणाला. "लग्नात सगळे जेवले. जिलेबी होती. दामू फुगे धरून बाहेर उभा. सगळे हात धुऊन आले. त्याला कुणी बसच म्हणालं नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "बाकी झ्याक आहे," आणि बसला.

आता पाळी आत्याची होती. ती उठली आणि आत गेली. पाटाचा आवाज आला, तव्याचा आला. मग तिने रघूदादासमोर ताट आणून ठेवलं. गरम केलेली पुरणपोळी, तीवर तूप, बाजूला कटाची आमटी. सकाळपासून त्याच्या पोटात भडंग आणि सोडा याशिवाय काही नव्हतं. "खा," ती म्हणाली आणि त्याच्याजवळच बसून वारा घालायला लागली. तिचं मत राहूनच गेलं आणि अण्णांनीही विचारलं नाही.

अण्णा आणि माई यांच्यात वयाने मोठं कोण यावर थोडी चर्चा झाली. माई मोठ्या निघाल्या. अण्णांनी घसा खाकरला. "कपडे चांगले शिवलेत," एवढंच ते म्हणाले. सिनेमाबद्दल इतकं कमी ते कधीच बोलले नव्हते.

शेवटी माई. त्या रघूदादाला जेवताना बघत होत्या.

"मला शेवट पटला नाही," त्या म्हणाल्या. "सगळे फुगे सोडून देतो आणि एकटाच रस्त्याने निघून जातो. लोक टाळ्या वाजवायला लागले. जातो कुठे तो? निजणार कुठे, खाणार काय? सिनेमावाल्यांचं बरं आहे, पडदा पाडला की झालं. घरच्या माणसाला असं सोडता येतं काय?"

मग त्या पुढे सरकल्या. "रघुनाथ, आमचं घर थेटराच्या मागच्याच गल्लीत आहे. नलूबरोबर येत जाशील काय कराडला?"

रघूदादाने घास गिळला. "तिथं सोडा मिळतो?"

"मिळतो."

"गोटीचा?"

"गोटीचाच."

"मग येतो," तो म्हणाला आणि दुसरी पोळी मागितली.

अण्णा उठून पुढे दुकानात गेले आणि अंधारात बटणांचे डबे उघडून बंद करत राहिले. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. यशवंतांनी परातीतले सगळे शेंगदाणे निवडून एका बाजूला केले होते, ते त्यांनी माझ्यापुढे सरकवले.

त्या थेटरात आता दुकानं झाली. शहानूर गेला, अण्णा गेले, माई गेल्या. अण्णा गेल्यावर रघूदादा कायमचाच कराडला आला. आम्ही सिनेमा घरीच बघतो, पण गोल बसणं सुटलेलं नाही. नातवापासून सुरुवात होते. रघूदादाचे केस पांढरे झालेत, दात गेलेत, ऐकूही कमी येतं. नातवंडं लाडाने म्हणतात, "रघूआजोबा, आधी तुम्ही." तो हात गुडघ्यावर ठेवतो, पाठ ताठ करतो आणि ह्यांच्याकडे बोट दाखवतो.

"आधी मास्तर," तो म्हणतो. "ते लहान आहेत."